सिझरनंतरचं दुखणं: गोळी घड्याळ पाहून घ्यायची, कळ पाहून नाही

पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाला आपण काय सांगतो? पडून राहा, काही लागलं तर हाक मारा. सिझर झालेल्या बाईच्या कुशीत मात्र पोटावरची पट्टी ओली असतानाच भुकेलं बाळ येतं. त्याला दर दोन-तीन तासांनी पाजायचं, कूस बदलायची, संध्याकाळपर्यंत पलंगावरून खाली उतरायचं. पोट फाडून शिवल्यानंतर त्याच दिवशी कामाला लावलं जाणारा हा बहुधा एकमेव रुग्ण. आणि "दुखतंय का?" असं विचारलं की हाच रुग्ण सगळ्यात जास्त वेळा "थोडंसं" असं उत्तर देतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार जगात दर पाच बाळंतपणांतलं एकाहून जास्त सिझरने होतं, म्हणजे हा 'थोडंसं' फार मोठा आहे. त्यामागे नेमकं काय दुखत असतं आणि ते आटोक्यात कसं ठेवायचं, ते नीट पाहू.

टाके बाहेरून दिसतात तेवढेच नसतात. आधी त्वचा, मग चरबीचा थर, त्याखाली स्नायूंवरचं पांढरं, चिवट आवरण, मग पोटाच्या आतलं पातळ अस्तर आणि शेवटी गर्भाशयाची भिंत असे एकाखाली एक थर कापावे लागतात. पोटाचे उभे स्नायू मात्र सहसा कापत नाहीत, मधून दोन बाजूंना सारतात. आज बहुतेक सिझरमध्ये ओटीपोटावर आडवा छेद घेतात. ही पद्धत फानेनस्टील या जर्मन डॉक्टरांनी 1900 मध्ये मांडली. उभ्या छेदापेक्षा हा छेद कमी दुखतो आणि भरूनही चांगला येतो. तरी एवढे थर भरून येताना दुखणारच, त्यात नवल नाही.

पण सगळं दुखणं टाक्यांचं नसतं, आणि ही गोष्ट फार कमी जणींना आधी सांगितली जाते. निदान तीन वेगवेगळी दुखणी एकाच वेळी चालू असतात.

पहिलं जखमेचं. ते बोट ठेवून दाखवता येतं. हललं, खोकलं, हसलं की चटका बसतो. स्वस्थ पडून राहिलं की शांत होतं. दुसरं गर्भाशयाचं. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आकुंचन पावून पूर्वीच्या आकाराकडे जाऊ लागतं आणि पाळीतल्यासारख्या, कधी त्याहून जोराच्या कळा येतात. बाळ अंगावर प्यायला लागलं की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं. तेच दूध उतरवतं आणि तेच गर्भाशय आवळतं. म्हणून बाळाने तोंड लावलं की ओटीपोटात कळ उठते. यात काही बिघडलेलं नसतं. उलट या आवळण्यानेच रक्तस्राव आटोक्यात राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला या कळा जास्त जोराच्या असतात. "पहिल्या वेळी एवढं नव्हतं गं दुखलं" असं म्हणणारी बाई नाजूक झालेली नसते, ती खरंच सांगत असते.

तिसरं दुखणं वायूचं. ऑपरेशननंतर आतडी काही काळ सुस्तावतात, पोट फुगतं, टाक्यांवर ताण येतो. कधी कधी तर खांदाच दुखू लागतो. पोटात राहिलेली हवा किंवा रक्त श्वासपटलाला डिवचतं. त्या पडद्याची नस मानेतल्या ज्या भागातून निघते, त्याच भागातून खांद्याच्या संवेदनाही जातात. मेंदू पत्ता चुकतो. ऑपरेशन पोटाचं आणि शेक खांद्याला, हा प्रकार त्यातूनच घडतो.

तिन्ही दुखण्यांना एकच औषध पुरत नाही. म्हणून आजकाल एकाच औषधाचा मोठा डोस देण्याऐवजी वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी दोन-तीन औषधं थोड्या थोड्या प्रमाणात देतात. एकीचं काम दुसरी उचलते, आणि कुठल्याच औषधाचे दुष्परिणाम फार वाढत नाहीत.

याची सुरुवात ऑपरेशन टेबलावरच होते. पाठीच्या कण्याजवळ सुई टोचून जी भूल देतात, तिने कमरेखालचा भाग काही तास बधिर राहतो. त्याच इंजेक्शनमध्ये भूलतज्ज्ञ पुष्कळदा मॉर्फिनचा अगदी इवलासा अंश मिसळतात, 100 ते 150 मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ते थेट मज्जारज्जूजवळच्या पाण्यात पडतं, म्हणून एवढंसं पुरतं आणि त्याचा असर पुढचा जवळजवळ दिवसभर टिकतो. त्याने अंगाला, विशेषतः नाकाला आणि चेहऱ्याला खाज सुटू शकते, मळमळू शकतं. ही खाज अ‍ॅलर्जीची नसते, त्यामुळे अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या गोळीने ती फारशी थांबत नाही. फार त्रास झाला तर वेगळं औषध असतं, मागायचं. क्वचित श्वास मंदावू शकतो. नर्स रात्री उठवून श्वास मोजते ती त्याचसाठी. झोपमोड झाली म्हणून तिच्यावर चिडू नये.

पाठीतलं मॉर्फिन दिलं नसेल किंवा पूर्ण भूल द्यावी लागली असेल, तर जखमेत किंवा पोटाच्या भिंतीतल्या नसांभोवती बधिरतेचं औषध सोडतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत स्नायूंच्या दोन थरांमध्ये हे औषध सोडण्याला टॅप ब्लॉक म्हणतात. जखमेच्या दुखण्यावर तो चांगला. गर्भाशयाच्या कळांना मात्र त्याचा हात पोचत नाही.

आता फसगत कुठे होते ते बघा, कारण माझ्या मते सगळा लेख या एका जागेभोवती फिरतो. पहिला दिवस बरा जातो. बाई म्हणते, "मला काहीच दुखत नाही, उगाच गोळ्या कशाला?" घरचेही म्हणतात, नको, दूध पाजते आहे. गोळी बाजूला राहते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाठीतल्या मॉर्फिनचा असर उतरतो आणि सगळी दुखणी एकदम अंगावर येतात. मग गोळी. गोळी पोटात जाऊन रक्तात उतरायला अर्धा ते एक तास. तेवढ्यात बाळ रडतं. बाई कशीबशी उठते, दात आवळते, आणि दिवसभर दुखण्याच्या मागे धावत राहते.

दुखणं एकदा चढलं की उतरवायला जास्त औषध लागतं, याला शरीरात कारण आहे. कापलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि ती नसांची टोकं हळवी करतात. एरवी ज्याने नुसता स्पर्श जाणवला असता, त्याने आता चटका बसतो. असे चटके मज्जारज्जूवर सतत आदळत राहिले की तिथल्या पेशीही चिडतात आणि येणारा प्रत्येक निरोप मोठा करून वर पाठवतात. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. तयार होऊ न देणं आणि तयार झाल्यावर निस्तरणं यांतला फरक घर चालवणाऱ्याला समजावून सांगायला नको.

म्हणून पहिले तीन-चार दिवस गोळी दुखलं तर नव्हे, वेळ झाली की घ्यायची. सहसा पाया दोन औषधांचा असतो. एक पॅरासिटामॉल: मोठ्या माणसाला 1 ग्रॅम, दर 6 तासांनी, 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही; वजन 50 किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. दुसरं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांपैकी एक, सूज आणि गर्भाशयाच्या कळा दोन्हींवर चालणारं. आयबुप्रोफेन बहुतेक वेळा 400 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, खाल्ल्यानंतर. तुमचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील; हे आकडे एवढ्याचसाठी दिले की चिठ्ठीवर काय लिहिलंय ते कळावं. पॅरासिटामॉल साधं तापाचं औषध वाटतं, म्हणून बायका तेच आधी सोडतात. सोडू नका. दोन्ही नियमित घेतली तर तिसऱ्या, मॉर्फिनच्या जातीच्या जोरकस औषधाची गरज पुष्कळ कमी होते.

रात्रीची गोळी चुकते, आणि सकाळचं पहिलं उठणं असह्य होतं ते त्यामुळेच. त्यासाठी वेगळं जागायची गरज नाही. रात्री पाजायला उठणं आहेच. गोळी आणि पाण्याचा पेला उशाशी ठेवायचा. ही जबाबदारी नवऱ्याने किंवा सोबत असलेल्याने घेतली तर फार बरं. बाईला त्या दिवसांत वार कोणता हेही धड आठवत नसतं.

एक चूक सर्रास होते. एकाच गोळीत पॅरासिटामॉल आणि दुसरं वेदनाशामक एकत्र असतं, सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं. नावं वेगळी, रंग वेगळे, आत तेच. दोन्ही घेतल्या की डोस दुप्पट होतो आणि यकृताला तो झेपत नाही. तसंच आयबुप्रोफेन चालू असताना जोडीला डायक्लोफेनॅक घेऊ नये. दोघं एकाच जातीची, आराम वाढत नाही, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास तेवढा वाढतो. पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा.

मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, अ‍ॅस्पिरिनने उठणारा दमा, बाळंतपणात खूप रक्त गेलेलं असणं किंवा प्लेटलेट फार कमी असणं, यांपैकी काही असेल तर आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्या डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, हेही आठवणीने सांगायचं.

आता दूध. बाई गोळी टाळते ती बहुतेक वेळा याच एका भीतीने, आणि या दोन औषधांपुरती ती भीती अनाठायी आहे. आयबुप्रोफेनचा आईने घेतलेल्या, वजनाच्या हिशेबात धरलेल्या डोसचा एक टक्काही दुधातून बाळाकडे जात नाही. पॅरासिटामॉल तर तान्ह्या बाळांना थेटही देतात. दुधातून जातं ते त्या डोसपेक्षा कितीतरी कमी. शिवाय पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक येतो तोच मुळी एका वेळेला चमचा-दोन चमचे.

भीती बाळगायची ती वेगळ्या औषधांची: कोडीन आणि ट्रॅमाडॉल. ही दोन्ही यकृतात बदलून जास्त जोरकस होतात, आणि हा बदल घडवणारं एक एन्झाइम काही लोकांत जन्मतःच फार वेगाने चालतं. आपल्यात ते आहे की नाही, हे बाईला वरून कळत नाही. टोरांटोमधलं एक बाळ जन्मानंतर 13 व्या दिवशी दगावलं. आई कोडीन असलेल्या गोळ्या घेत होती, तिच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने होत होतं आणि ते दुधात उतरत होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी मांडलं. 2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ही केस छापली; बाळ दुधातल्या मॉर्फिननेच दगावलं का, याविषयी मात्र पुढे तज्ज्ञांनी शंका घेतली. पुढे एप्रिल 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एफडीएने, अंगावर पाजणाऱ्या बायकांनी कोडीन आणि ट्रॅमाडॉल घेऊ नये असं बजावलं. तेव्हा घरी जाताना चिठ्ठीत यांपैकी काही असेल, एकटं किंवा पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेलं, तर "मी पाजते आहे, दुसरं काही देता येईल का?" असं सरळ विचारायचं. डॉक्टरांनी विचार करूनच जोरकस औषध दिलं, तर ते कमीत कमी आणि थोडेच दिवस. त्या काळात बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, प्यायला उठत नाही, अंग सैल पडलंय किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय असं दिसलं तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. इस्पितळात देखरेखीखाली एखाददुसरा मॉर्फिनचा डोस मिळाला म्हणून मात्र पाजणं बंद करायचं कारण नाही.

आणि दुखणं सहन केल्याने दुधाचं भलं होतं असंही नाही. वेदना आणि ताण यांनी दूध उतरण्याची क्रिया अडखळते. दात आवळून बसलेल्या आईला बाळ नीट धरताही येत नाही.

गोळीखेरीज बरंच काही हातात असतं. उठताना सरळ पोटावर जोर देऊन उठायचं नाही: आधी गुडघे वाकवायचे, अख्खं अंग एका कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे आणि हातांच्या आधाराने वर यायचं. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की उशी पोटाशी घट्ट धरायची. काही जणींना पोटाच्या पट्ट्याने चालताना आधार मिळतो. घट्ट आवळून पोट आत जातं म्हणून मात्र तो वापरू नये. पाजताना बाळाचं वजन टाक्यांवर नको, म्हणून कुशीवर झोपून पाजायचं, नाहीतर बाळाला काखेखाली धरून त्याचे पाय मागे जातील असं घ्यायचं. लघवी तुंबवून ठेवू नये. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला ढकलतं आणि कळा वाढतात. लघवीची नळी काढल्यावर पहिले दिवस हे विसरायला होतं.

चालणं हे तर औषधच. त्याने आतडी जागी होतात, वायू सरकतो, आणि पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका घटतो. तो धोका सिझरनंतर वाढलेला असतो. पण चालायला लावायचं तर आधी दुखणं आटोक्यात हवं. गोळीनंतर साधारण तासाभराने उठायचं, आधी नाही. भरपूर पाणी प्यायचं, शौचाला कुंथायचं नाही; जोरकस वेदनाशामकांनी मलावरोध होतोच, तेव्हा मऊ करणारं औषध आधीच मागून घ्यावं. पहिल्यांदा शौचाला जाण्याची भीती टाक्यांच्या भीतीएवढीच असते, फक्त कुणी बोलून दाखवत नाही.

जखमेभोवतीची त्वचा बधिर लागते, कारण तिथल्या बारीक नसा कापल्या जातात. ही बधिरता काही महिने राहू शकते. म्हणून शेकायची पिशवी थेट तिथे ठेवू नका. भाजलेलं कळणार नाही.

डोकेदुखीचा एक प्रकार वेगळा काढून सांगतो. 1898 मध्ये ऑगस्ट बीअर या जर्मन सर्जननी पाठीतल्या भुलेचा प्रयोग स्वतःवरही करवून घेतला, आणि पुढे कित्येक दिवस त्यांचं डोकं दुखत राहिलं: आडवं झालं की बरं, उठलं की पुन्हा सुरू. सुईने पडलेल्या छिद्रातून पाठीतलं पाणी झिरपत राहिलं की हे होतं. आजच्या बारीक सुयांनी ते क्वचितच होतं, पण झालं तर त्याची खूण तीच, सव्वाशे वर्षांपूर्वीची. भूलतज्ज्ञांना कळवायचं. साध्या उपायांनी थांबलं नाही तर हातातलं थोडं रक्त काढून पाठीत त्याच जागी सोडतात. ते छिद्रावर ठिगळासारखं बसतं आणि पुष्कळ जणींचं डोकं तासाभरात हलकं होतं. मात्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधुक दिसत असेल, बरगड्यांखाली दुखत असेल, तर तो वाढलेला रक्तदाब असू शकतो. तो बाळंतपणानंतरही उसळतो आणि त्याला ताबडतोब उपचार लागतात.

दुखणं रोज थोडं थोडं उतरत गेलं पाहिजे, हीच मोजपट्टी. दहापैकी किती दुखतंय, यापेक्षा खोकता येतंय का, आधाराशिवाय उठता येतंय का, बाळाला घेता येतंय का, हे विचारणं मला जास्त कामाचं वाटतं. उतरत आलेलं दुखणं पुन्हा चढलं, जखम लाल-गरम झाली, पू आला, ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येऊ लागला, तर गोळी वाढवून दुखणं दाबत बसायचं नाही, दाखवायचं. एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, तर फोनाफोनी न करता थेट इस्पितळ.

बहुतेकींच्या गोळ्या आठवडाभरात कमी होतात, दुसऱ्या आठवड्यात पुष्कळशा सुटतात. जोरकस औषध असेल तर ते आधी सोडायचं, मग आयबुप्रोफेन, शेवटी पॅरासिटामॉल. आतलं चिवट आवरण जुळून यायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. दुखत नाही म्हणून भरून आलं, असं नसतं.

काही जणींचं दुखणं मात्र तीन महिने उलटले तरी जात नाही: व्रणाच्या एका टोकाशी, बोटाने दाबलं की नेमकं तिथेच, विजेसारखं. "टाके आहेत, दुखायचंच" म्हणून ते वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. पुष्कळदा तिथे एखादी नस व्रणात अडकलेली असते. त्या जागी बधिरतेचं इंजेक्शन दिलं आणि दुखणं थांबलं, तर कारण सापडलं आणि उपचाराची सुरुवातही झाली. हे दुखण्याच्या डॉक्टरांना, म्हणजे पेन क्लिनिकमध्ये, दाखवायचं असतं.